परतीच्या तारेची काटकसर

मुंबई-आग्रा रस्ता धुळे, शिरपूर करत सेंधव्याच्या घाटात चढतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर याच मार्गाने तारायंत्राची पहिली लांब ओळ खानदेशातून उत्तरेकडे गेली. १८५७ च्या उठावात खाज्या नाईकाने याच घाटात सरकारी खजिना लुटला आणि तारा तोडल्या. तो पूर्वी या घाटाच्या राखणीवर होता. सरकारची ताकद दोन टोकांच्या यंत्रांइतकीच मधल्या उघड्या तारेवर टांगलेली आहे, हे त्याला चांगलं ठाऊक असणार. मधल्या वाटेचं हे महत्त्व आज घराघरांत विसरलं जातं. जळगावात किंवा धुळ्यात बंगल्यातला इंटरकॉम घरघरायला लागला, फाटकावरच्या माणसाचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं ऐकू यायला लागलं, की घरमालक पहिल्यांदा भिंतीवरचा डबा बदलतो. नवा डबाही महिन्याभरात तसाच घरघरतो. दूरचा आवाज खराब होण्याचं मुख्य कारण बहुतेक वेळा यंत्रात नसून मधल्या वाटेत असतं, आणि त्या वाटेतही परतीच्या तारेवर केलेल्या काटकसरीत असतं. खानदेशातून गेलेल्या तारांचा इतिहास पाहिला तर हे पुन्हा पुन्हा दिसतं.

विजेला जायला एक वाट लागते आणि परत यायला दुसरी. ही परतीची वाट फुकटात मिळवता येते, हे तारायंत्राच्या काळातच लक्षात आलं होतं. भारतातल्या तारखात्याचा पाया घालणाऱ्या विल्यम ओशॉनसी यांनी १८३९ मध्ये कोलकात्याजवळ केलेल्या प्रयोगात हुगळीच्या पाण्याचाच वाहक म्हणून उपयोग केला. पुढे शेकडो मैलांच्या ओळी टाकताना हाच हिशेब उपयोगी पडला: खांबांवरून एकच तार न्यायची आणि परतीचं काम जमिनीवर सोपवायचं. लोखंडाचा निम्मा खर्च वाचला. संदेश ‘कट्ट-कडकट्ट’ असा खटक्यांचा असल्याने थोडी गळती, थोडा गोंगाट त्यात खपून जाई. खानदेशची जमीन मात्र यासाठी सोपी नव्हती. तापीकाठची काळी माती पावसात वीज सहज वाहून नेते, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि कोरडी माती विजेला अडवते. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरायचं आणि वैशाखात त्यात पाणी ओतायचं, ही आपल्याकडची रीत या अडचणीवरचाच उतारा आहे.

टेलिफोन आला तेव्हा ही काटकसर अंगाशी आली. मुंबईत १८८२ साली टेलिफोन केंद्र सुरू झालं, आणि जगभर पहिल्या वर्षांत तारखात्याचीच पद्धत टेलिफोनला लावण्यात आली होती: एक तार आणि जमीन. खटक्यांना चालणारी वाट बोलण्याला चालेना. शेजारच्या तारेतले संदेश, जमिनीत फिरणारे प्रवाह, शहरांत धावू लागलेल्या विजेच्या ट्राम, सगळ्यांचा गोंगाट कानात येऊ लागला. यावरचा उपाय वरकरणी साधा होता. जमिनीची उधारी बंद करून परतीसाठी दुसरी तार द्यायची आणि दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी अशा जोडीचं पेटंट १८८१ मध्येच घेतलं होतं. त्यामागचं तत्त्व असं की बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच चढतो, आणि कानाशी धरलेल्या यंत्राला फक्त दोन तारांमधला फरक ऐकू येतो. सारखं असलेलं आपोआप वजा होतं. आवाज मोठा करून हे साधत नाही, कारण आवाजाबरोबर घरघरही तेवढीच मोठी होते.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा खानदेशातच, रुळांच्या कडेला आहे. मुंबईहून इगतपुरीपर्यंत रेल्वेची वीज १५०० व्होल्ट डीसी होती. इगतपुरीच्या पुढे मनमाड, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ हा मार्ग १९६० च्या दशकाच्या अखेरीस २५,००० व्होल्ट एसी विजेवर आला. या पद्धतीत इंजिनाला वीज वरच्या तारेतून मिळते, पण ती परतते रुळांतून आणि काही प्रमाणात थेट जमिनीतून. म्हणजे तारायंत्राची जुनी युक्ती इथे कैक पट मोठ्या प्रवाहासाठी वापरली गेली. जाणारा आणि परतणारा प्रवाह एकमेकांपासून दूर गेले की त्यांचा परिणाम एकमेकांत वजा होत नाही, आणि रुळांना समांतर धावणाऱ्या खांबांवरच्या टेलिफोनच्या तारांत ५० हर्ट्झची घरघर, कधी विजेचा धोकादायक दाबही उतरतो. त्यामुळे विद्युतीकरणाच्या कामातच तारा खांबांवरून उतरवून पीळदार जोड्यांच्या केबलींत, जमिनीखाली न्याव्या लागतात. जिथे गरज पडेल तिथे बूस्टर ट्रान्सफॉर्मर बसवून परतीचा प्रवाह जमिनीतून ओढून वेगळ्या तारेत आणतात. स्टेशन मास्तरांचे फोन संच बदलून हा प्रश्न सुटला असता, तर एवढा खर्च कोणी केला नसता.

आता घरातल्या इंटरकॉमकडे पाहू. फाटकापासून वरच्या मजल्यापर्यंत अनेकदा चारच तारा जातात: एक बोलण्याची, एक विजेची, एक कुलूप उघडण्याची आणि चौथी सगळ्यांच्या परतीची. कुलपाचा खटका दाबला की त्याचा जड प्रवाह त्या सामायिक तारेतून जातो, तार बारीक असली तर तिच्यावरच दाब खर्च होतो, आणि नेमका त्याच क्षणी आवाज बसतो. त्यात वायरमनने सोय म्हणून हीच केबल दिव्या-पंख्यांच्या तारांबरोबर एका पीव्हीसी पाइपातून ओढली, तर घरघर कायमची मुक्कामाला येते. ज्या जळगावच्या कारखान्यांतून असे पाइप देशभर जातात, तिथल्या घरांतही हे घडतं. प्लास्टिक तारांना ओल आणि उंदरांपासून वाचवतं, विजेच्या उपद्रवापासून नाही. दोष कुठे आहे हे ठरवायची परीक्षा सोपी आहे. दोन्ही डबे काढून वेगवेगळ्या खोल्यांत न्यायचे, मधे दारातून मोकळी नवी केबल टाकायची आणि बोलायचं. आवाज स्वच्छ आला तर डबे निर्दोष, खोट भिंतीत. तार दाबली की घरघर थांबत असेल तर सैल जॉइंट शोधायचा. फक्त कुलूप उघडताना आवाज बसत असेल तर सामायिक तार जाड करायची किंवा कुलपाला स्वतंत्र जोडी द्यायची.

यावर एक रास्त आक्षेप येईल: यंत्रं खरोखरच वाईट नव्हती का? होती. जुन्या फोनच्या कार्बनच्या मायक्रोफोनमधले कण ओल धरून गोळा होत, म्हणून लोक रिसीव्हर ठोकून बोलत. पण १९६० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत इलेक्ट्रेट मायक्रोफोन तयार झाला, आणि आज स्वस्तातल्या डब्यातही तोच असतो. यंत्राचा हा दोष जवळजवळ सुटला, वाटेचा सुटला नाही, यातूनच बोट कुठे दाखवायचं ते ठरतं. हेही मान्य करायला हवं की सगळ्या तक्रारी तारेच्या नसतात. दोन डबे समोरासमोर आले की येणारी शिट्टी जागेची चूक असते. मायक्रोफोनच्या भोकात धूळ साचली की आवाज एकाच बाजूने बारीक येतो. दुसरा आक्षेप असा की वायफायवरच्या उपकरणांत आता तारच उरली नाही. तिथे घरघर जाते हे खरं, पण तिच्या जागी तुटक शब्द येतात, कारण जाड भिंत आणि लोखंडी फाटक ही वाट अडवणारच. शिवाय फाटकावरच्या कॅमेऱ्याला वीज अजून त्याच बारीक तारेतून मिळत असते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: काटकसर ही चूक कशी? जमिनीतून होणाऱ्या परतीमुळेही गरीब देशात तारायंत्र एवढ्या लवकर पोचलं. तेही खरं आहे, आणि चार खोल्यांच्या घरात सामायिक तार बिनतक्रार चालते. काटकसर तेव्हा चुकते, जेव्हा वाटेवरचं ओझं वाढतं आणि वाट जुनीच राहते. खटक्यांच्या जागी बोलणं आलं, रुळांवर २५,००० व्होल्ट आले, फाटकाला विजेचं कुलूप आणि कॅमेरा आला, तेव्हा हिशेब पुन्हा मांडायला हवा होता. टेलिफोनवाल्यांनी आणि रेल्वेने तो मांडला, कारण त्यांच्या तारा उघड्यावर होत्या आणि बदलता येत होत्या. घरमालकाची तार गिलाव्याआड गेलेली असते, म्हणून तो वाटेला हात लावत नाही आणि डबा बदलत राहतो. बोलण्यासाठी वेगळी पीळदार जोडी आणि दिव्यांच्या तारांपासून वेगळा पाइप मागायची वेळ एकच आहे: गिलावा लागायच्या आधीची.