राब, पाचट आणि 'कचरा'

वेल्ह्याकडे (आता राजगड तालुका) उन्हाळ्यात गेलात तर शेतात काळे चौकोन दिसतील. तो राब. भाताचं रोप टाकायच्या जागी शेण, फांद्या, पालापाचोळा थराथराने रचून पेटवायचा. तण मरतं, राखेचं खत होतं.

आम्हा इंजिनिअर लोकांना लगेच वाटतं, एवढी उष्णता फुकट! वीज करा की! पण इतिहास सांगतो, जरा थांबा. घाटाखाली ठाणे-कुलाब्यात राबाच्या फांद्या तोडण्यावरून शेतकरी आणि जंगल खातं यांचं इतकं बिनसलं की 1885 मध्ये मुंबई सरकारला कमिशन नेमावं लागलं. सरकारच्या लेखी ती जंगलाची नासधूस, शेतकऱ्याच्या लेखी पुढचं पीक. भाताचा पेंढाही मोकळा नाही, तो गुरांच्या पोटात जातो.

पुण्याच्या 'आरती' संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या मंडळींनी, उसाचं पाचट निवडलं ते म्हणूनच मला हुशारीचं वाटतं. वाळलेलं पाचट गुरं खात नाहीत, शेतकरी शेतातच पेटवून देतात. यांनी ते बंद डब्यात कोंडून, बाहेरून पाचटाचाच जाळ देऊन कोळसा केला, त्याच्या कांड्या पाडल्या. 2002 मध्ये त्याला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

असो. उद्या कुणी वेल्ह्यात काडीकचऱ्यावर वीज करायची म्हणाला, तर माझा पहिला प्रश्न मेगावॅटचा नसेल. हा कचरा आज कोण वापरतंय, एवढंच विचारीन.