झाशीचे तीन विद्यार्थी

झाशी म्हटले की मराठी मनासमोर प्रथम राणी लक्ष्मीबाई उभी राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु झाशीचा मराठी मुलखाशी असलेला संबंध राणीपासून सुरू झाला नाही आणि राणीबरोबर संपलाही नाही. १७४२ च्या सुमारास पेशव्यांचे सुभेदार नारोशंकर यांनी झाशीचा कारभार हाती घेतला, किल्ला वाढवला आणि त्याच्या पायथ्याशी वस्ती वसवली. नाशिकला गोदाकाठी ज्यांच्या नावाचे देऊळ आणि घंटा प्रसिद्ध आहे, ते हेच नारोशंकर. पुढे नेवाळकर घराण्याकडे सुभेदारी आली. भिक्षुक, कारकून, शिलेदार, वैद्य अशी अनेक दक्षिणी कुटुंबे बुंदेलखंडात स्थायिक झाली. १८४२ मध्ये गंगाधरराव आणि मनकर्णिका यांचे लग्न ज्या गणेश मंदिरात लागले, ते आजही झाशीत उभे आहे. १८५८ चा वेढा आणि त्यानंतरची लूट वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी प्रत्यक्ष पाहिली आणि ‘माझा प्रवास’ या ग्रंथात लिहून ठेवली. त्या लुटीत राजवाड्यातील ग्रंथसंग्रहही नष्ट झाला.

ज्या गावाने एकदा आपली पुस्तके गमावली, त्याच गावातील तीन विद्यार्थ्यांची ही हकीकत आहे. सदाशिवराव मलकापूरकर, विश्वनाथ गंगाधर वैशंपायन आणि भगवानदास माहौर ही त्यांची नावे. पहिले दोघे मराठी घरांतले, तिसरे बुंदेलखंडी. तिघेही शिक्षणाच्या वयात एकत्र आले आणि त्यांची मैत्री आयुष्यभर टिकली.

या मुलांना एकत्र आणणारी घटना झाशीबाहेर घडली. ९ ऑगस्ट १९२५ रोजी काकोरी येथे क्रांतिकारकांनी रेल्वेतील सरकारी खजिना लुटला. त्यानंतर धरपकड सुरू झाली. पोलिसांच्या हाती न लागलेले चंद्रशेखर आझाद झाशीला आले. शचींद्रनाथ बक्षी यांनी तेथे संघटनेचा पाया आधीच घातला होता. चित्रकलेचे शिक्षक मास्टर रुद्रनारायण यांच्या घरी आझादांना आसरा मिळाला. मिशीला पीळ देत उभ्या असलेल्या आझादांचे जे छायाचित्र आज घरोघरी माहीत आहे, ते याच शिक्षकाच्या घरचे.

आझाद झाशीत नुसते लपून बसले नाहीत. बुंदेलखंड मोटार कंपनीत ते गाडी चालवायला आणि दुरुस्त करायला शिकले. ओरछाजवळ सातार नदीच्या काठी, हनुमान मंदिरालगत झोपडी बांधून ते ‘हरिशंकर ब्रह्मचारी’ या नावाने राहिले आणि आसपासच्या मुलांना शिकवू लागले. ओरछाच्या जंगलात नेमबाजीचा सराव चाले. झाशीच्या या विद्यार्थ्यांना वर्गातील धड्यांखेरीज आणखी एक शाळा मिळाली, ती ही. तिला ना इमारत होती ना हजेरीपट. शिस्त मात्र कडक होती.

या शाळेचे वसतिगृह फिरते होते. माहौर ग्वाल्हेरला व्हिक्टोरिया महाविद्यालयात शिकू लागले, तेव्हा तेथेही सहकाऱ्यांचे येणेजाणे सुरू झाले. १९२८-२९ च्या सुमारास आग्र्यात हिंगची मंडी आणि नाईची मंडी या भागांत घरे भाड्याने घेण्यात आली. भगतसिंग, बटुकेश्वर दत्त, खेडचे शिवराम हरी राजगुरू यांच्याबरोबर झाशीची मुलेही तेथे येऊन राहत. बंगालचे जतींद्रनाथ दास यांनी तेथे बाँब बनवण्याचे शिक्षण दिले. पंजाब, बंगाल, संयुक्त प्रांत आणि महाराष्ट्र येथील तरुण एका छपराखाली राहत होते. पैशाची चणचण नित्याची होती. संघटनेच्या पैशाबाबत आझाद अत्यंत काटेकोर असत. स्वतःसाठीही ते हात आखडूनच खर्च करीत. माहौरांचा गळा गोड होता, त्यामुळे गाणे, थट्टा आणि वादविवाद यांनाही त्या घरांत जागा होती. वसतिगृहात वाढलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे वातावरण ओळखीचे वाटेल. फरक एवढाच, की येथील परीक्षेत नापास होणाऱ्याला दुसरी संधी नव्हती.

ती परीक्षा मराठी मुलखातच झाली. ११ सप्टेंबर १९२९ रोजी मलकापूरकर आणि माहौर हे शस्त्रे व स्फोटके घेऊन अकोल्याकडे निघाले होते. भुसावळ स्थानकावर गाडी बदलताना त्यांच्या सामानाची झडती झाली आणि दोघेही पकडले गेले. भुसावळच्या पुढे अकोल्याच्या वाटेवरच मलकापूर लागते. सदाशिवरावांच्या आडनावातले हे गाव अवघ्या काही स्थानकांवर राहिले. दोनच दिवसांनी, १३ सप्टेंबरला, ६३ दिवसांच्या उपोषणानंतर जतींद्रनाथ दास यांचा लाहोरच्या तुरुंगात अंत झाला.

जळगावच्या न्यायालयात खटला चालला. लाहोर खटल्यातील माफीचे साक्षीदार जयगोपाल आणि फणींद्र घोष यांना तेथे साक्षीसाठी आणले जाणार होते. सदाशिवरावांचे बंधू शंकरराव यांच्यामार्फत आरोपींपर्यंत पिस्तूल पोहोचले. २१ फेब्रुवारी १९३० रोजी माहौर यांनी या साक्षीदारांवर गोळ्या झाडल्या. जयगोपाल जखमी झाला. दोघेही साक्षीदार वाचले. माहौर यांना जन्मठेप आणि मलकापूरकर यांना दीर्घ मुदतीची शिक्षा झाली. दोघेही तेव्हा ऐन तारुण्यात होते. इकडे वैशंपायन यांना फेब्रुवारी १९३१ मध्ये कानपूरला अटक झाली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये आझाद धारातीर्थी पडले. ज्याच्या भोवती ही मुले जमली होती तो गेला, आणि त्याचे तिन्ही झाशीकर सोबती तेव्हा गजांआड होते.

इतिहासाच्या पुस्तकांत ही कथा बहुधा येथेच संपते. परंतु विद्यार्थी म्हणून त्यांचे मोल पाहायचे तर पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आल्यानंतर, १९३८ मध्ये माहौर आणि मलकापूरकर सुटले. माहौर यांनी अर्धवट राहिलेले शिक्षण पुन्हा हाती घेतले. १८५७ च्या स्वातंत्र्यसमराचा हिंदी साहित्यावरील प्रभाव हा विषय घेऊन त्यांनी डॉक्टरेट मिळवली, झाशीच्या बुंदेलखंड महाविद्यालयात अध्यापन केले आणि मदनेश कवीच्या ‘लक्ष्मीबाई रासो’ या काव्याचे संपादन केले. राणीच्या गावातला मुलगा तुरुंगातून परतला आणि राणीविषयीच्या साहित्याचा अभ्यासक झाला. वैशंपायन यांनी आझादांचे सविस्तर चरित्र हिंदीत लिहिले. आझादांविषयी लिहिणाऱ्या कोणालाही ते टाळता येत नाही. माहौर आणि मलकापूरकर यांनी शिव वर्मा यांच्यासह ‘यश की धरोहर’ या पुस्तकात आपल्या हुतात्मा सोबत्यांच्या आठवणी नोंदवल्या.

सदाशिवरावांनी केलेले काम मात्र कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही. आझादांच्या मातोश्री जगरानीदेवी भावरा गावी हलाखीत एकट्या दिवस काढीत होत्या. स्वातंत्र्यानंतर सदाशिवराव त्यांना झाशीला घेऊन आले. स्वतःची परिस्थिती बेताची असूनही सोबत्यांच्या साहाय्याने त्यांनी त्यांची सेवा केली, त्यांना तीर्थयात्रा घडवली. मार्च १९५१ मध्ये त्या वारल्या, तेव्हा त्यांचे अंत्यसंस्कारही सदाशिवरावांनीच केले. मित्राच्या आईला त्यांनी आपली आई मानले होते आणि ते नाते शेवटच्या विधीपर्यंत निभावले.

प्रत्येक शाळेत गुणवंतांचा फलक असतो आणि तो असावाच. त्यावरील नावे पुढच्या मुलांना वाट दाखवतात. तथापि त्या फलकावर मावत नाही असेही काही शाळा देत असते. एका बाकावर, एका खोलीत, एका ताटात जोडलेली माणसे पुढे किती काळ एकमेकांची राहतात, याचे गुण कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदले जात नाहीत. माहौरांनी पदवी मिळवली, वैशंपायनांनी चरित्र लिहिले, सदाशिवरावांनी एका वृद्धेचा सांभाळ केला. तिघांच्या कर्तृत्वाची तुलना करण्याचे कारण नाही. तिघांनीही आपल्या गेलेल्या सोबत्याचे राहिलेले काम वाटून घेतले होते, आणि सदाशिवरावांच्या वाट्याला आलेले काम इतर दोघांच्या कामाहून तसूभरही कमी नव्हते.