नाव लिहिणार कोण?

माझे मामू कव्वाल पार्टीत बेंजो वाजवत. बेंजो म्हणजे आपल्याकडच्या उरुसात आणि लग्नात दिसणारा, टाइपरायटरसारख्या कळांचा बुलबुल तरंग. 1980 च्या दशकात त्यांच्या पार्टीची एक कॅसेट मुंबईत रेकॉर्ड झाली. एका दिवसात आठ गाणी, पैसे रोख आणि कागद एकच. त्या कागदावर फक्त मुख्य कव्वालांची सही होती. कॅसेटच्या कव्हरवर कव्वालांचा फोटो, त्यांचे नाव आणि नावापुढे दोन शब्द छापलेले होते : ‘एंड पार्टी’. मामू, ढोलकवाले, टाळी देणारे, मागून आवाज लावणारे असे सगळे त्या दोन शब्दांत सामावले होते.

गेल्या वर्षी त्यांच्या नातवाला ती गाणी फोनवर सापडली. तो पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करतो. मोठ्या उत्साहाने तो म्हणाला, “नाना, हे ब्लॉकचेनवर असतं ना, तर प्रत्येक वेळी गाणं वाजलं की तुमचा हिस्सा आपोआप खात्यात आला असता. मध्ये कुणी खाणारा नाही.” मामूंनी शांतपणे विचारले, “ठीक है बेटा, लेकिन नाम लिखेगा कौन?”

नातवाकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते. मग मी वाचू लागलो. वाचता वाचता लक्षात आले की संगीताच्या हक्कांचा सगळा इतिहासच या एका प्रश्नाभोवती फिरतो आहे.

कागद, कंपनी, कायदा यांच्या आधीच्या काळात कलावंत आपले नाव गाण्यातच गुंफत असे. दिल्लीत मुहम्मदशाह रंगीले यांच्या दरबारी (1719 ते 1748) नियामत खाँ हे बीनकार होते. ‘सदारंग’ या नावाने त्यांनी रचलेले ख्याल आजही गायले जातात आणि अनेक बंदिशींत त्यांच्या नावाशेजारी बादशहाचेही नाव येते. रचनाकार आणि आश्रयदाता अशा दोघांची नोंद एकाच ओळीत. आपल्याकडे संतांच्या अभंगांत, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या रचनेत, पेशवाईतल्या शाहिरांच्या लावण्यांत हीच रीत दिसते. सगनभाऊ हे शिकलगार मुसलमान. त्यांची लावणी गाणाऱ्याला त्यांचे नाव उच्चारावेच लागते. होनाजी बाळाची तर गंमतच आहे. होनाजी रचणारा आणि बाळा कारंजकर गाणारा. गीतकार आणि गायक दोघांनी मिळून एकच नाममुद्रा घेतली. आजच्या भाषेत त्याला संयुक्त श्रेय म्हणतात.

या मुद्रेने कुणाला पैसे दिले नाहीत, पण ती काढून टाकणे अवघड होते, कारण ती काढली की छंद मोडतो. खोटी मुद्रा लावणे मात्र मुळीच अवघड नव्हते. तुकोबांच्या आणि नामदेवांच्या नावावर नंतरच्या लोकांनी किती अभंग खपवले, हे मराठीच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. म्हणजे नोंद टिकाऊ असली तरी ती खरी असेलच असे नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

1902 च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रणासाठी आला. गौहर जान त्याच्यासमोर गायल्या आणि गाण्याच्या शेवटी त्यांनी इंग्रजीत मोठ्याने आपले नाव सांगितले. अनेकांना ती त्यांची अदा वाटते. अदा तर होतीच, पण कारण अगदी व्यवहाराचे होते. तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या कारागिरांना हिंदुस्थानी गायिका कोण, गाणे कोणते, काही कळण्याची सोय नव्हती. तबकडीवर योग्य लेबल लागावे म्हणून नाव आवाजातच नोंदवले जाई. सदारंगांची मुद्रा बंदिशीत होती, गौहर जानची तबकडीच्या शेवटच्या दोन सेकंदांत आली. आज ज्याला मेटाडेटा म्हणतात, तो हाच.

नाव नोंदले गेले, हक्क मात्र नोंदला गेला नाही. गायक-गायिकांना ध्वनिमुद्रणाचे ठोक पैसे मिळत आणि गौहर जानसारख्या नामवंतांना ते भरपूर मिळत. पण एकदा पैसे घेतले की तबकडी कंपनीची. 1908 मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला आणि तबकड्यांचे उत्पादन इथेच होऊ लागले. गौहर जान 1930 मध्ये म्हैसूरला वारल्या. त्यांचा आवाज तेव्हाही घरोघरच्या कर्ण्यांतून येत होता.

स्वातंत्र्यानंतर 1957 चा कॉपीराइट कायदा आला. त्यातली एक व्याख्या वाचून मी थबकलो. सांगीतिक कृती म्हणजे स्वरांची अशी रचना जी छापलेली, लिहिलेली किंवा अन्य रीतीने आलेखित आहे. म्हणजे जी कागदावर नाही, ती कायद्याच्या लेखी कृतीच नाही! पिढ्यान्‌पिढ्या सीना-ब-सीना शिकवणाऱ्या उस्तादांच्या देशात ही व्याख्या लिहिली गेली. पंडित भातखंडे यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत छापल्या म्हणून त्या वाचल्या, हे ऋण मोठेच आहे. पण ज्यांची विद्या फक्त कंठात होती, ते या व्याख्येच्या बाहेर राहिले. ही अट 1994 च्या दुरुस्तीने गेली. तोपर्यंत 37 वर्षे उलटली होती. गायक-वादकांना ‘कलाकाराचा हक्क’ म्हणून काही मिळाले तेही त्याच दुरुस्तीत.

चित्रपटसृष्टीची कथा अधिक परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. साठच्या दशकात रॉयल्टीवरून लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात मतभेद झाले. लताबाईंना गायकाचा वाटा हवा होता. रफीसाहेबांचे म्हणणे असे की ठरलेले पैसे घेतले, काम संपले. काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. रफीसाहेबांबद्दल मला नितांत आदर आहे, तरी या एका बाबतीत ते चुकले असे मला वाटते. ते स्वतः एका गाण्यावर पोट भरणारे कलावंत नव्हते. त्यांच्या मागे वाजवणारे होते. साहिर लुधियानवी यांनी आकाशवाणीवर गीतकाराचेही नाव सांगितले जावे असा आग्रह धरला, तो मला अधिक दूरदृष्टीचा वाटतो. त्यांनी आधी नावाची मागणी केली.

1969 मध्ये गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची आयपीआरएस ही संस्था स्थापन झाली. तिचा चित्रपट निर्मात्यांशी वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1977 मध्ये निकाल निर्मात्यांच्या बाजूने लागला. पैसे देऊन काम करवून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक निर्माता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मात्र त्या निकालाला एक स्वतंत्र पुरवणी जोडली. गाणाऱ्याला आपला कायदा काहीच देत नाही, संसदेने याचा विचार करावा, असे त्यांनी सुचवले.

संसदेने पुरा विचार केला तो 2012 मध्ये. तेव्हा राज्यसभेचे सदस्य असलेले जावेद अख्तर या लढ्यात आघाडीवर होते. आता चित्रपटगृहाबाहेर गाणे वापरले गेले तर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क करार करूनही काढून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा त्यांच्या संस्थेला देता येतो. ही दुरुस्ती मोठी आहे. पण याच दुरुस्तीत एक छोटे कलम आहे. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला ‘कलाकार’ मानले जाणार नाही. पैशाचा हक्क त्याला नाही. हे कलम मी मामूंना वाचून दाखवले. त्यांचे काम चित्रपटातले नव्हते, त्यामुळे ते त्यांना थेट लागू होत नाही. तरी ते हसले. म्हणाले, “मतलब एंड पार्टी.”

आता ब्लॉकचेनकडे वळू. 2008 च्या अखेरीस सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यामागचे तंत्र साध्या शब्दांत असे : हिशेबाची एक वही, जिच्या हुबेहूब प्रती हजारो संगणकांवर आहेत. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा असतो. मधले एखादे पान कुणी गुपचूप बदलले तर पुढचे सगळे ठसे चुकतात आणि लबाडी उघड होते. शिवाय वहीतच अट लिहून ठेवता येते की पैसे आले की अमक्याला इतके टक्के, तमक्याला तितके. हिशेबनीसाची गरज उरत नाही.

संगीताच्या धंद्याला अशा वहीची निकड होती. गाण्यात दोन हक्क असतात. एक रचनेचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. दोन्हींचे क्रमांक वेगळे, नोंदी ठेवणाऱ्या संस्था वेगळ्या आणि दोघांचा मेळ बसेलच याची खात्री नाही. जगभरच्या गाण्यांची एकच नोंदवही करण्याचा ‘ग्लोबल रेपर्टरी डेटाबेस’ हा प्रकल्प अनेक वर्षांच्या खटाटोपानंतर 2014 मध्ये कोसळला. तो तंत्र नव्हते म्हणून पडला नाही. खर्च कोण करणार आणि वही कुणाच्या ताब्यात राहणार, यावर संस्थांचे एकमत झाले नाही. या गोंधळाची किंमत किती? अमेरिकेत 2021 च्या फेब्रुवारीत स्ट्रीमिंग कंपन्यांनी नव्या वसुली संस्थेकडे सुमारे 42 कोटी 40 लाख डॉलर जमा केले. हे पैसे गीतकार-संगीतकारांचे होते. गाणी वाजली होती, पैसे आले होते, फक्त ते नेमके कुणाचे हे जुळत नव्हते.

2015 च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश गायिका इमोजेन हीप यांनी ‘टायनी ह्यूमन’ हे गाणे उजो म्युझिक या मंचावरून इथेरियम ब्लॉकचेनवर विकायला ठेवले. किंमत 60 सेंट. कुणी विकत घेतले की सहभागी वादकांचा वाटा आपोआप त्यांच्या खात्यात. जगभर बातमी झाली. विक्री झाली सुमारे 133 डॉलरची. लोक या आकड्याला हसतात. मी हसत नाही. गाण्याच्या विक्रीत साथीदारांची नावे आणि वाटे पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते, हे मला महत्त्वाचे वाटते. पण ते लिहिले इमोजेन हीप यांनी, कारण त्यांना लिहायचे होते. गाणे त्यांचे स्वतःचे होते. यंत्राने त्यांना भाग पाडले नव्हते. पुढे 2017 मध्ये संगीताची खुली नोंदवही बनवू पाहणारी मीडियाचेन ही छोटी कंपनी स्पॉटिफायने विकत घेतली. माणसे मोठ्या कंपनीत गेली आणि खुल्या वहीचे काम मागे पडले.

इथे मला आपल्याच परंपरेतली एक गोष्ट आठवते. हदीसच्या अभ्यासात इस्नाद असते. अमक्याने तमक्याकडून ऐकले, त्याने आणखी कुणाकडून, अशी नावांची अखंड साखळी. मुहद्दिसांना फार लवकर कळले की साखळी न तुटलेली असणे पुरेसे नाही. साखळी बनवताही येते. म्हणून त्यांनी ‘अस्मा उर-रिजाल’ हे स्वतंत्र शास्त्र उभे केले. प्रत्येक कथन करणारा कोण होता, कुठे राहिला, कुणाला खरोखर भेटला, स्मरणशक्ती कशी होती, खोटे बोलल्याचे कुणी सांगितले आहे का, अशी हजारो माणसांची छाननी झाली. साखळी तपासण्याआधी माणूस तपासला गेला.

ब्लॉकचेन साखळीची राखण चोख करते. माणसाची छाननी करत नाही. पहिल्या दिवशी एखाद्या कंपनीने ‘सर्व हक्क आमचे’ असे लिहिले, तर ते वाक्य हजारो संगणकांवर अबाधित राहील. सातबारा संगणकावर चढला तेव्हा हस्तलिखितातल्या चुकाही त्याबरोबर चढल्या, हे गावोगावच्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. तिथे निदान फेरफाराचा अर्ज करता येतो. न पुसता येणाऱ्या वहीत चुकीचे नाव पडले, तर ज्याचे नाव राहून गेले त्याने जायचे कुठे?

मी तंत्राच्या विरोधात नाही. आज एखादा तरुण कव्वाल घरात बसून रेकॉर्ड करतो, त्याने ढोलकवाल्याचे टक्के पहिल्याच दिवशी अशा वहीत लिहिले तर उद्या त्यालाही ते पुसता येणार नाहीत. हे नक्कीच चांगले आहे. पण मामूंच्या पिढीसाठी या वहीकडे काही नाही. त्यांच्याकडे करार नाही, पावती नाही. त्यांचा पुरावा म्हणजे तिसऱ्या गाण्यातला बेंजोचा एक तुकडा, जो त्यांच्यासारखा दुसरे कुणी वाजवत नाही असे ते सांगतात.

नातू मात्र चिकाटीचा. कॅसेट कंपनी कधीच बंद झालेली. गाणी अपलोड करणाऱ्याला त्याने पत्र लिहिले आहे. उत्तर नाही. दरम्यान त्याने एका रविवारी लॅपटॉप उघडून तक्ता केला : नाव, काम, गाणे. मामूंना म्हणाला, “नाना, तुमच्यापासून सुरू करू.” मामू म्हणाले, “नहीं, पहले ढोलक.” मग त्यांनी एकेक नाव सांगितले. ढोलक, तबला, हार्मोनियम, दोघे टाळीवाले. मागून आवाज लावणाऱ्या पोराचे नाव काही केल्या त्यांना आठवेना. सगळे त्याला छोटू म्हणत, तो मिरजेचा होता, एवढेच आठवले. नातवाने रकान्यात ‘छोटू, मिरज’ लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकले.