शिवरायांच्या आरमारातील परके चाकर

आम्हां बेंगळूरकर मराठी मंडळींना शहाजीराजांचे स्मरण या ना त्या निमित्ताने होतच असते. 1638 मध्ये रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून घेतलेले हे शहर विजापूर दरबाराने राजांच्या जहागिरीत घातले आणि बालशिवाजीही काही काळ येथे राहिले. समुद्रापासून इतक्या दूर वाढलेला हा मुलगा पुढे आरमार उभारील, असे त्या वेळी कोणास वाटले असेल!

1657 मध्ये कल्याण-भिवंडी हाती येताच शिवाजीराजांनी जहाजबांधणीस हात घातला. हे काम जाणणारे लोक शेजारी वसईच्या फिरंग्यांपाशी होते. 1659 च्या सुमारास रुई लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज नाविक अधिकारी राजांच्या पदरी राहिला. त्याच्यासमवेत सुमारे 340 माणसे होती. गोव्याच्या दरबारी वशिला नसलेल्या फिरंग्याने देशी राजाच्या दाराशी जाऊन आपली विद्या विकावी, यात त्या काळी नवल नव्हते. पोटापाण्यासाठी परमुलखी आलेल्या आम्हांला तर त्याचा मुळीच राग येऊ नये!

गलबते जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध आहेत, असे सांगण्यात आले होते. पण उद्या ती आपल्यावरच वळतील, हे पोर्तुगीजांनी ओळखले. वसईहून निरोप गेला आणि एका रात्री व्हिएगस आपल्या माणसांसह निघून गेला. कारखाना उघडा पडला. पगार राजांचा असला तरी हुकूम वसईचाच चालला.

राजांनी काम मात्र थांबविले नाही. किनाऱ्यावरचे कोळी, भंडारी आणि मुसलमान दर्यावर्दी त्यांनी हाताशी धरले. मायनाक भंडारी, दर्यासारंग आणि दौलतखान ही नावे पुढे आली. 1664 मध्ये मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. परक्यांना दार मात्र बंद झाले नाही. मादागास्करचा इंग्रज चाचा जेम्स प्लांटेन पुढे आंग्र्यांच्या चाकरीस राहिल्याचे क्लेमंट डाउनिंग लिहितो. त्याला परत बोलावणारा कोणी राजाच उरला नव्हता.

व्हिएगसनंतर सुमारे शंभर वर्षांनी याच बेंगळूरची जहागीर हैदरअलीस मिळाली. मंगळूरला त्यानेही आरमार केले, पण त्यावर लुत्फअली बेग हा घोडदळाचा सरदार नेमला. कप्तान नाराज झाले, आणि 1768 मध्ये मुंबईकर इंग्रजांचे आरमार येताच त्यांनी आपली जहाजे त्यांच्या स्वाधीन केली.