प्लॅटिनमचे पिवळे मीठ

प्लॅटिनम हा मोठा सोवळा धातू. साध्या आम्लात बुडवा, हवेत तापवा, तो ढिम्म राहतो. अशा धातूतून कर्करोगावरील औषध निघेल असे कोणी सांगितले असते, तर आम्ही हसून सोडून दिले असते.

अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे पदार्थविज्ञानाचे जाणकार होते. पेशी दुभंगताना तिच्यात उमटणारी आकृती त्यांना चुंबकाभोवतीच्या लोखंडाच्या किसासारखी दिसली. मग विजेचा पेशीविभाजनाशी काही संबंध असेल काय? त्यांच्या सहकारी लोरेटा व्हॅन कँप ह्यांनी जंतूंच्या द्रवात प्लॅटिनमच्या पट्ट्या बुडवून वीज सोडली. जंतू वाढले, पण दुभंगेनात. नेहमीच्या तीनशेपट लांब असे त्यांचे दोरे झाले! एखाद्या उतावळ्याने येथेच विजेचा जयजयकार केला असता. ह्या मंडळींनी एकेक कारण तपासून बाजूस सारले, तेव्हा वीज निर्दोष ठरली. प्लॅटिनमच लेशमात्र विरघळून द्रवातील अमोनिया व क्लोरीन ह्यांच्याशी संयोग पावत होता. हे १९६५ साली प्रसिद्ध झाले. ह्यास योगायोग म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हांस तो तितकासा मान्य नाही.

गंमत अशी की, ते संयुग जुनेच होते. मिकेले पेरोने ह्या इटालियन रसायनज्ञाने ते १८४४ च्या सुमारास बनविले होते. १८९३ साली आल्फ्रेड व्हेर्नर ह्यांनी त्याची घडण सांगितली: मध्ये प्लॅटिनम, चौरसाच्या चार कोपऱ्यांत दोन अमोनिया व दोन क्लोरीन. क्लोरीनची जोडी शेजारी असेल तर औषध. समोरासमोर गेली की घटक तेच, पण रोगावर निरुपयोगी. रक्तात क्लोराइड भरपूर, म्हणून ही जोडी तेथे टिकते. पेशीत ते कमी, म्हणून आत गेल्यावर ती सुटते, आणि मोकळे झालेले प्लॅटिनम डीएनएच्या लगतच्या दोन दुव्यांना जखडते. पेशीस मग आपली प्रत काढता येत नाही.

१९६९ साली उंदरांच्या गाठी विरल्याची वार्ता आली. १९७८ साली अमेरिकेत ‘सिसप्लॅटिन’ला परवानगी मिळाली. अंडकोषाच्या पसरलेल्या कर्करोगाने ऐन तारुण्यात माणसे जात. इतर औषधांच्या जोडीने त्यांतील बहुतेक बरी होऊ लागली. पण किंमत जबर होती. मूत्रपिंडे बिघडत, कान बधिर होत, ओकाऱ्या थांबत नसत. शिरेतून भरपूर सलाईन देऊन मूत्रपिंडे बरीचशी वाचविता आली. पुढे क्लोरीनच्या जागी सावकाश सुटणारा घटक योजून ‘कार्बोप्लॅटिन’ रचले गेले. ते मूत्रपिंडांस सौम्य, रक्तपेशींस मात्र जाचक. अंडकोषाच्या त्या रोगात ते जुन्याची बरोबरी करू शकले नाही, म्हणून तेथे अजूनही पेरोनेचे पिवळे मीठच शिरेतून दिले जाते.