बेडकाची मांडी आणि सुपरपोझिशनचे प्रमेय

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी सुपरपोझिशनचे प्रमेय एका वाक्यात उरकले जाते. मंडलात अनेक उद्गम असतील तर प्रत्येकाचा परिणाम स्वतंत्रपणे काढावा आणि सर्वांची बेरीज करावी. परीक्षेला दहा गुणांचे हुकमी गणित! मात्र या वाक्याचा माग काढत गेलो की आपण तारायंत्राच्या कचेरीत किंवा वीजनिर्मिती केंद्रात पोहोचत नाही. पोहोचतो ते मेलेल्या बेडकाच्या मांडीपाशी. आजचा थ्रेड त्या मांडीविषयी.

१७९१ साली बोलोन्याच्या लुइजी गाल्वानीने बेडकाच्या स्नायूंत स्वतःची वीज असल्याचा दावा प्रसिद्ध केला. व्होल्टाने तो खोडला आणि त्याच वादातून १८०० साली बॅटरी जन्मली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर काय झाले, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

१८४०च्या दशकात बर्लिनमधील एमिल द्यु ब्वा-रेमाँ याने हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. स्नायूतील क्षीण धारा टिपण्यासाठी त्याने तारेचे हजारो वेढे असलेली गॅल्व्हानोमीटर वापरली. स्नायू आडवा कापला की कापलेला भाग अखंड पृष्ठभागाच्या तुलनेत ऋण ठरतो, असे त्याला आढळले. यावरून त्याने मोठी झेप घेतली: स्नायूच्या आत विशिष्ट रचनेत मांडलेले असंख्य विद्युत्कारक रेणू असले पाहिजेत.

बाहेरून मोजलेल्या धारेवरून आतली रचना अशी सांगता येते का? खरा प्रश्न हा होता आणि त्याला हात घातला द्यु ब्वा-रेमाँच्या मित्रानेच. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ शिक्षणाने वैद्य, काही काळ प्रशियाच्या सैन्यातला शल्यचिकित्सक आणि १८४९पासून क्योनिग्सबर्गला शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक. याच क्योनिग्सबर्गमध्ये विद्यार्थिदशेत असलेल्या किर्चहॉफने १८४५ साली आपले नियम मांडले होते. परंतु तारांच्या जाळ्यासाठी सोयीचे असलेले ते नियम मांसाच्या ओल्या गोळ्याला जसेच्या तसे कसे लावणार? तिथे धारा सर्व दिशांना पसरते आणि उद्गम असतात अगणित.

हेल्महोल्ट्झने १८५३च्या आपल्या प्रदीर्घ लेखात यावर काढलेला मार्ग म्हणजेच विद्युतधारांच्या अध्यारोपणाचे तत्त्व. ते कसे चालते, हे एका लहान मंडलात पाहू.

१२ व्होल्ट आणि ६ व्होल्ट अशा दोन बॅटऱ्या घ्या. प्रत्येकीबरोबर २ ओहमचा रोध जोडा आणि या दोन्ही शाखा समांतर जोडून २ ओहमच्या एका सामाईक रोधाला वीज द्या. आता ६ व्होल्टची बॅटरी काढून तिच्या जागी नुसती तार ठेवा (तिच्या शाखेतला रोध मात्र जागचा हलवायचा नाही, विद्यार्थी हमखास चुकतात ते इथेच). सामाईक रोधातून २ अँपिअर धारा वाहील. मग १२ व्होल्टची बॅटरी काढून तार ठेवा आणि ६ व्होल्टची परत लावा. धारा १ अँपिअर. दोन्ही एकत्र असताना धारा ३ अँपिअर.

गंमत ६ व्होल्टच्या शाखेत आहे. मोठी बॅटरी एकटी असताना त्या शाखेत २ अँपिअर ढकलते; लहान बॅटरी एकटी असताना २ अँपिअर बाहेर काढते. दोन्ही मिळून शून्य! तिथे लावलेला अँमीटर काहीच दाखवणार नाही, आणि त्यावरून आत बॅटरीच नाही असा निष्कर्ष काढणारा साफ फसेल. (शक्तीची मात्र अशी बेरीज होत नाही. सामाईक रोधात वेगवेगळे ८ आणि २ वॅट, पण एकत्र १० नव्हे, १८ वॅट. कारण शक्ती धारेच्या वर्गावर अवलंबून असते.)

हेल्महोल्ट्झचा निष्कर्ष याच जातीचा, पण कितीतरी व्यापक होता. वाहकाच्या आतील उद्गमांच्या जागी केवळ पृष्ठभागावरील उद्गमांची योग्य मांडणी कल्पिली, तरी बाहेरची मापे तीच येतात. म्हणजे आतल्या अनेक भिन्न रचना बाहेरून अगदी एकसारख्या दिसू शकतात. मित्राचा सिद्धांत याने खोटा ठरला नाही. पण केवळ बाहेरच्या मापांनी तो सिद्धही होणार नाही, हे स्पष्ट झाले. मला हा या प्रमेयाच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतला उद्गम शोधणाऱ्यांना ही मर्यादा आजही जाचते.

त्याच लेखात आणखी एक गोष्ट होती. कितीही गुंतागुंतीच्या वाहकाची दोन टोके घेतली, तर बाहेरच्या मंडलापुरते त्याच्या जागी एकच विद्युत्कारक बल आणि एकच रोध ठेवता येतो. ओळखीचे वाटते ना? १८८३ साली फ्रेंच तारायंत्र खात्यातील अभियंता लिओन शार्ल थेवेनिन याने, अध्यारोपणाचाच आधार घेऊन, हे प्रमेय मांडले आणि ते त्याच्याच नावाने रूढ झाले. यात लगेच वाङ्मयचौर्य शोधू नये. तारायंत्राचा अभियंता स्नायूंवरचा लेख कशासाठी उघडेल? ज्ञानशाखांच्या भिंती त्या काळीही होत्याच.

आणि त्या रेणूंचे काय झाले? १८६०च्या दशकात द्यु ब्वा-रेमाँचाच शिष्य लुडिमार हेर्मान गुरूविरुद्ध उभा राहिला. त्याचे म्हणणे सरळ होते: इजा न झालेल्या, विश्रांत स्नायूतून बाहेर धाराच मिळत नाही, कापल्यामुळे ती उत्पन्न होते. गुरुशिष्यांचा हा वाद पुढे अनेक वर्षे कडवटपणे चालला.