हिन्याचे अत्तर आणि नूरजहाँची आई

थंडीत लावतात तो मसाल्याचा हिना, म्हणजे शमामा, नुसता मेंदीच्या फुलांचा नसतो. कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या डेगीत जटामांसी, नागरमोथा, लवंग, वेलची, जायफळ पाण्यात उकळतात. तोंड मातीने लिंपून वाफ बांबूच्या नळीने ‘भपका’ नावाच्या भांड्यात उतरवतात. त्यात आधीच चंदनाचे तेल असते, ते सारा वास धरून ठेवते. (आता चंदन महागले, म्हणून पुष्कळ ठिकाणी पॅराफिन वापरतात!) मग गुलाबासारख्या फुलांची अत्तरे मिसळली की लाकूड, मसाला आणि फूल एका थेंबात येतात. मला तर आपला गोडा मसाला याहून सोपा वाटतो.

यातले गुलाबाचे अत्तर नूरजहाँने शोधले असे आपण ऐकतो. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात मात्र ते श्रेय तिच्या आईला, म्हणजे अस्मत बेगमला दिले आहे. गुलाबपाणी काढताना गरम पाण्यावर तेलकट तवंग आला. दुसरी कोणी तो पुसून टाकती. हिने थेंब थेंब गोळा केला. बादशहाने खूष होऊन मोत्यांची माळ दिली. सलीमा सुलतान बेगमने अत्तराला नाव दिले ‘इत्रे जहांगिरी’. शोध सासूचा, नाव जावयाचे!

१६२१ साली अस्मत बेगम वारली. आग्र्यास यमुनाकाठी लेकीने बांधलेल्या मकबऱ्यात ती नवऱ्याशेजारी आहे. तो मकबराही नवऱ्याच्याच, इतिमादुद्दौलाच्या नावाने ओळखतात.